मोठेबाबांचा कान

मोठेबाबांच्या तेरवीला एकेक जण बोलायला उभा राहिला आणि ऐकता ऐकता मला वाटायला लागलं की हे लोक वेगवेगळ्या माणसांबद्दल बोलून राहिले. ओळखीचे अडते म्हणाले, सचोटीचा व्यापारी गेला. आजूबाजूच्या गावचे कास्तकार म्हणाले, वावर समजणारा माणूस गेला. भजनी मंडळातल्या लोकांना तर बोलताच आलं नाही, हात जोडले आणि खाली बसले. मग पेपरात छोटी बातमी आली, तिच्यात व्यापार होता, शेती होती, आणि अगदी शेवटी एका वाक्यात त्यांना संगीताची आवड असल्याचं लिहिलं होतं, म्हणजे दुकान बंद केल्यावर उरलेल्या वेळात माणूस काहीतरी करतो ना, तसं. ते वाचून मला फार वाईट वाटलं, आणि तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. गाव दारव्हा तालुक्यात, काळ्या जमिनीचं, कापूस-तुरीचं. माझं म्हणणं असं आहे की दुकानात, वावरात आणि भजनात त्यांचं काम चालायचं ते कानावर. हे भारी वाटावं म्हणून लिहीत नाही, लहानपणापासून त्यांच्याजवळ बसून पाह्यलंय म्हणून लिहितो.

आमच्या घरचा धंदा मूळ कापसाचा. आबाजी, म्हणजे मोठेबाबांचे वडील, गावातला कापूस घ्यायचे, बैलबंड्या भरून जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, पाठवायचे आणि तिथून गाठी निघायच्या त्या शकुंतलेनं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, शकुंतला म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही छोट्या रुळांची गाडी, १९०३ पासूनची, वऱ्हाडातला कापूस मेन लाइनपर्यंत न्यायलाच टाकलेली, आणि तिला १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं. पण १९७२ मध्ये एकाधिकार कापूस खरेदी योजना आली, कापूस फक्त सरकारी खरेदी केंद्रावर द्यायचा असा कायदा झाला आणि आबाजींसारख्या खेड्यातल्या व्यापाऱ्यांचं काम एका हंगामात संपलं. वरून तेच दुष्काळाचं वर्ष. मोठेबाबा तेव्हा अमरावतीला कॉलेजात होते, ते शिक्षण सोडून घरी आले. व्यापार गेला पण गोडाऊन होतं, काटा होता, लोकांचा विश्वास होता, तर त्यांनी किराणा टाकला आणि मागच्या खोलीत पिठाची चक्की बसवली.

कापसाचा धंदा गेला तरी हिशोब डोक्यात राह्यला होता. दुकानात बसलेल्या कास्तकाराला ते नेहमी समजावून सांगायचे की एक क्विंटल कापसातून रुई निघते ३४-३५ किलो, बाकी सगळी सरकी, आणि गाठ असते १७० किलोची, म्हणजे एका गाठीला पाच क्विंटल कापूस लागतो. घेणारा रुईचा भाव डोक्यात धरून बसलेला असतो आणि आपण वजनाकडे पाहतो. 'तू बोंड मोजतं, तो रुई मोजते,' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कोणाला राग यायचा, कोणी हसून सोडून द्यायचं, पण गावातले चार-पाच जण तरी असे तयार झाले की कापूस मुठीत धरून रुई किती उतरेल त्याचा अंदाज बांधायचे.

आता चक्कीबद्दल. मला त्यांची सगळ्यात जास्त आठवण येते ती तिथेच. सुरुवातीला डिझेल इंजिन होतं, एका सिलेंडरचं, भिंतीतून बाहेर काढलेल्या नळीतून धुक्‌ धुक्‌ करत धूर सोडायचं आणि त्याच्यावरून एक लांब पट्टा फिरत चक्कीपर्यंत यायचा. मोठेबाबा समोर दुकानात, चक्की मागे, मध्ये एक भिंत आणि एक दरवाजा. गिऱ्हाइकाला साखर मोजून देता देता ते मध्येच ओरडायचे, 'पट्टा सैल झाला रे, राळ लाव!' आणि चक्कीवरचा पोरगा जाऊन पाहायचा तर पट्टा खरंच घसरत असायचा. ज्वारी दळताना वेगळा आवाज, गव्हाचा वेगळा, बेसनाला टाकलेल्या हरभऱ्याच्या डाळीचा अजून वेगळा. धान्यासोबत खडा गेला तर त्यांना दुकानात बसून कळायचं. दगडाची टाकी, म्हणजे दगडावर छिन्नीनं पाडलेल्या खाचा, झिजली की आवाज पातळ होतो म्हणायचे, मला तो फरक बऱ्याच वर्षांनी कळायला लागला. टाकी झिजली की पीठ गरम निघतं, विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा जातो, आणि मग घरोघरच्या बाया भाकर थापताना नाव ठेवतात चक्कीवाल्याला. म्हणून दगड उघडून टाकी लावायचं काम ते दुसऱ्या कोणाला देत नसत. छिन्नी-हातोडी घेऊन स्वतः बसायचे, एका लयीत टक टक टक, आणि बाजूला मी बसलेलो असलो की विचारायचे, 'सांग, कितव्या मात्रेवर थांबलो?'

बाजारातली माणसंही ते अशीच ऐकायचे. उधार मागायला आलेला माणूस किती मागतो याच्यापेक्षा कसा मागतो याच्याकडे त्यांचं लक्ष. आवाज चढवून, हसून, उगाच गप्पा मारत मागणारा बहुतेक अडचणीत असतो आणि हळू आवाजात मागणारा परत करतो, असं त्यांचं मत होतं. ते नेहमी बरोबर असेल असं नाही, बुडालेल्या उधाऱ्या खूप होत्या. पण एका वर्षी एकजण दुकानात येऊन मोठ्यामोठ्यानं जोक सांगून गेला आणि मोठेबाबांनी लगेच शटर खाली ओढलं आणि त्याच्या मागे त्याच्या घरी गेले, रात्री बारा-एकपर्यंत तिथेच बसले. काय बोलले ते दोघांनी कधी सांगितलं नाही. तो माणूस तेरवीला आला होता. शेतकरी आत्महत्या पाहिलेल्या आपल्या यवतमाळ जिल्ह्यात राहणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

सगळंच चांगलं होतं असं मी म्हणत नाही. पेरणीच्या दिवसात ते ज्वारी, तूर सवाईनं द्यायचे, म्हणजे एक पोतं नेलं की खळ्यावर सव्वा पोतं परत. बाकीचे दिढीनं देत होते हे खरं, पण सवाई पण सवाईच, आणि मला ते तेव्हाही आवडत नव्हतं आणि आजही आवडत नाही. यावरून माझे वडील आणि ते जोरात भांडायचे. मोठेबाबांचं उत्तर एकच, की दुकान चाललं तर बाकी सगळं चालेल.

आणि दुकान चालवलं कोणी, हेही लिहिलं पाहिजे, कारण तेरवीला याच्यावर एक शब्द निघाला नाही. मोठ्या आईनं. हरिनाम सप्ताह असो, काकडा असो, कुठल्या गावची भजन स्पर्धा असो, मोठेबाबा पेटी घेऊन निघाले की गल्ल्यावर मोठी आई. तिचं शिक्षण चौथीपर्यंतचं पण बही तिच्या हातची, आकडे गोल आणि स्वच्छ, एकही खाडाखोड नाही. ठोक किराण्याचा माल आला की वजन करून घेणं, चक्कीवरच्या पोराला सांभाळणं, म्हशीचं पाहणं, आणि मोठेबाबा रात्री दोन वाजता मंडळाचे आठ-दहा लोक घेऊन आले की त्यांच्यासाठी पिठलं-भाकर. ते गाऊ शकले कारण ती जागी होती. त्यांना हे माहीत होतं, चारचौघात कधी बोलले नाही, बोलायला पाहिजे होतं.

वावर १४ एकर. सुरुवातीला कापसाचं एच-४ वाण, मग अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं वाण, मग २००२ मध्ये बीटीला परवानगी मिळाल्यावर गावात सगळ्यांनी लावलं तसं बीटी. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, सहा-आठ तासांनंतर म्हणजे ओळींनंतर तुरीचं एक तास, ही जुनी पद्धत त्यांनी शेवटपर्यंत ठेवली. सगळ्यांनी ज्वारी सोडली, रानडुकरं आणि पाखरं काही हाती लागू देत नाही म्हणून, तरी ते दोन एकर ज्वारी लावायचे कारण बैलांना कडबा पाहिजे. बैल विकून ट्रॅक्टर भाड्यानं घ्या असं आम्ही सगळेच म्हणायचो. पण खांदशेकणीच्या, म्हणजे पोळ्याच्या आदल्या, दिवशी बैलांच्या खांद्याला हळद-लोणी लावताना आणि 'आज आवतन घ्या, उद्या जेवायले या' म्हणताना त्यांचा चेहरा पाहिला की तो विषय आपोआप मिटायचा. पोळ्याला तोरणाखाली झडत्या म्हणायचा पहिला मान पण त्यांचा, आवाज असा की वेशीच्या पलीकडे ऐकू जायचा.

बोंडअळीच्या बाबतीत तर मला त्यांचं फार कौतुक आहे. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं विदर्भात जे केलं ते सगळ्यांना आठवत असेल, बोंड बाहेरून हिरवंगार, फोडून पाहिलं की आत सगळं खाल्लेलं. मोठेबाबा त्याच्या आधीपासून सांगत होते की फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावर तेच झाड ठेवून घेतलेला कापूस, घेऊ नका, डिसेंबरच्या शेवटी उलंगवाडी करा, पऱ्हाट्या उपटा, अळीला खायला राहिलं नाही तर तिचा फेरा तुटतो. लोकांचंही चुकत नव्हतं, जानेवारी-फेब्रुवारीत अजून दोन-तीन क्विंटल कापूस झाडावर दिसत असताना कोण उपटतो? पण ते भजनाच्या मध्ये, दोन अभंगांच्या मधल्या वेळात, हे सांगायचे. दुकानाच्या काउंटरवर डोमकळ्या आणून ठेवायचे, म्हणजे ते फूल जे उमलत नाही, पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारखं राहतं, आणि आत अळी बसलेली असते. येणाऱ्या प्रत्येकाला ते फूल उकलून दाखवायचे. साखर घ्यायला आलेल्या लेकरालाही. त्या वर्षी आमच्याही वावराचं नुकसान झालंच, कारण पाखरू धुरा म्हणजे वावराचा बांध पाहून थांबत नाही, पण कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पाखरं ओढणारे सापळे, लावल्यामुळे फवारा कधी करायचा ते तरी कळलं.

डाळमिल ही त्यांची शेवटची मोठी उडी. त्यांना एक गोष्ट सहन व्हायची नाही, गावची तूर बाहेर जाते आणि तीच डाळ होऊन जवळपास दुप्पट भावानं आपल्याच दुकानात येते. अकोल्याच्या विद्यापीठानं काढलेली मिनी डाळमिल त्यांनी कोणाकडे तरी चालताना पाहिली आणि साठीच्या पुढे असताना कर्ज काढून बसवली. तूर चाळायची, पहिल्या फेरीत तिची साल खरचटून घ्यायची, मग तेलाचा हात लावून ढीग घालून ठेवायची, मग ऊन, परत फेरी. चुनी आणि कोंडा ढोरांना. बाया पायलीभर तूर घेऊन यायच्या आणि आपल्याच तुरीची डाळ घेऊन जायच्या. आज माझा चुलत भाऊ ती मिल चालवतो आणि घरातली बरकत सगळ्यात जास्त तिचीच आहे.

आता गाणं. मोठेबाबांनी लहानपणी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना प्रत्यक्ष ऐकलं होतं. आबाजींच्या खांद्यावर बसून, खंजिरीवर. भजनात गाव झाडायचं, व्यसन सोडायचं, एकत्र बसायचं हे सगळं येऊ शकतं हे त्यांना तिथे कळलं, असं ते सांगायचे. महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी गेले. मोझरीला गुरुकुंजात पुण्यतिथी महोत्सवात बरोबर त्या मिनिटाला सगळा समुदाय मौन राहून श्रद्धांजली देतो, अफाट गर्दी असते. मोठेबाबा दरवर्षी जायचे. आधी शकुंतलेनं दारव्ह्याहून मूर्तिजापूर, मग बडनेरा, मग एसटी, पेटी मांडीवर, आणि शकुंतलेत भजन व्हायचंच, गाडी एवढी हळू की दोन स्टेशनांच्या मध्ये चार अभंग आरामात. एकदा मला सोबत नेलं होतं. ४.५८ ला सगळं थांबलं, लेकरू सुद्धा रडत नव्हतं, आणि नंतर ते मला म्हणाले, 'येवढ्या लोकायचं गप होनं आयकलं का? याच्यापेक्षा मोठं भजन नाही बापा.'

पेटीवर त्यांचा जीव. आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी होती हे त्यांनीच मला सांगितलं. कारण असं की पेटीच्या पट्ट्यांचे सूर ठरलेले, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही म्हणून मींड निघत नाही, आणि सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असल्यामुळे काही सूर आपल्या गळ्यातल्या सुराहून थोडे सरकलेले असतात. आता पेटीवर प्रेम करणारा माणूस या गोष्टीवर चिडेल असं वाटतं. मोठेबाबा म्हणायचे आक्षेप बरोबर आहे. आणि मग त्यांनी त्याच्यावर उपाय केला.

दुपारी दुकानात गर्दी नसली की ते काउंटरवर टॉवेल अंथरून पेटी उघडायचे. आतला सूर म्हणजे पितळेची एक बारीक जीभ, पितळेच्याच पट्टीवर एका टोकाला ठोकून बसवलेली. जिभेच्या शेंड्याकडे घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. ते जिभेखाली पत्र्याचा पातळ तुकडा सरकवायचे म्हणजे जीभ वाकत नाही, बारीक कानशीनं दोनदाच घासायचे, परत बसवायचे, भाता मारायचे आणि षड्जासोबत वाजवून पाहायचे. दोन सूर जुळले नसतील तर आवाजात लहरी येतात, वाँव वाँव वाँव अशा. सूर जवळ येतो तशा त्या लहरी मंद होतात आणि जुळला की थांबतात. गांधार, म्हणजे 'ग', त्यांनी असा उतरवून घेतला होता, मंडळ ज्या पट्टीत गायचं त्या 'काळी दोन' पट्टीच्या हिशोबानं. बाहेरगावचा गायक येऊन पांढरी चार मागायचा तर त्याच्यासाठी दुसरी पेटी होती, ही पेटी फक्त आमच्या मंडळाची. कानस फिरवत असताना कोणी गिऱ्हाईक आलं तर ते बोट ओठावर ठेवायचे आणि माणूस बिचारा तेलाची बाटली हातात धरून उभा राहायचा. या कामात त्यांना मी कधी घाईत पाह्यलं नाही.

मंडळात खंजिरी होती आमच्या सालदाराची. गुढीपाडव्याला साल ठरायचं, पैसे इतके, ज्वारी इतकी, आणि सकाळी वावरात मोठेबाबा सांगतील तसं काम चालायचं. पण रात्री प्रार्थना झाली आणि भजनाला बसले की कारभार त्याच्याकडे. तो खंजिरी शेकोटीवर धरून तापवायचा, बोटानं ठोकून पाहायचा, आणि तो हो म्हणेपर्यंत मोठेबाबा पेटीला हात लावत नसत. एकदा देवळात गाव भरलेलं असताना त्यानं मध्येच खंजिरी थांबवली आणि म्हणाला, 'भाऊ, लय पयाली तुमची.' सगळे शांत. मोठेबाबांनी मान हलवली, भाता बंद केला आणि पहिल्या ओळीपासून परत सुरू केलं. दुसऱ्या दिवशी वावरात दोघंही नेहमीसारखे डवऱ्यामागे. मी खूप मोठमोठे कार्यक्रम ऐकले, नागपूरला, पुण्याला, पण इतकी सरळ दाद आणि इतकी सरळ दुरुस्ती दुसरीकडे पाहिली नाही. पैशानं मोठा असलेला माणूस लयीत चुकला तर त्याला सगळ्यांसमोर थांबवता येतं, ही रीत आमच्या गावात या दोघांनी पाडली, असं मला खात्रीनं वाटतं.

ते गेल्यावर मी आणि भाऊ जुन्या बह्या काढून बसलो. त्यात मंडळाच्या नावानं एक खातं होतं, टाळांची दोरी, पेटीचा भाता, खंजिरीचं चामडं, सप्ताहाची साखर, चहापत्ती, सगळं नावे टाकलेलं, वर्षानुवर्षं, मोठ्या आईच्या गोल आकड्यात. जमेची बाजू कोरी. मी तिला विचारलं की कधी मागितले नाही का, तर ती म्हणाली, 'मागासाठी लिवलं नाही. दुकानातून काय गेलं ते समजलं पायजे ना.' सवाईच्या पोत्यातला पैसा कुठे जात होता ते मला तेव्हा कळलं. सवाई त्यानं माफ होते असं मी म्हणत नाही, माझ्या वडिलांनी पण तसं म्हटलं नाही, पण ती बही पाहून ते बराच वेळ काही बोलले नाही.

मंडळ सुरू आहे. पोरं नवीन आहेत, कीबोर्ड आणलाय, बटण दाबलं की पट्टी बदलते, आणि चांगलं गातात, मला त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण मोठेबाबांची पेटी पावसाळ्यात दमट खोलीत राहिली, भात्याला उंदीर लागले, आणि मंद्र सप्तकातले दोन सूर बोलतच नाहीत. पोरांनाच ती परत पाहिजे, प्रार्थनेला तिच्याशिवाय बरं वाटत नाही म्हणतात. भाता आम्ही बसवून घेऊ. दारव्हा, दिग्रस, कारंजा, यवतमाळ, अगदी अमरावतीपर्यंत कोणी हातानं सूर लावून देणारा कारागीर माहीत असेल तर कृपया सांगा, पेटी आम्ही स्वतः घेऊन येऊ. फक्त त्याला आधीच सांगून ठेवा की गांधार उतरलेला दिसेल, तो बिघडलेला नाही, त्याला हात लावायचा नाही.